गादीवरचा शब्द

होमाचा धूर मंगल कार्यालयाच्या हॉलमधून अजून गेला नव्हता, तेवढ्यात बापू वैशंपायनांनी दुसऱ्यांदा सांगितलं, "पाद्यपूजा नको. तेवढी वगळा."

मधुराच्या एका हातात परात, दुसऱ्या हातात दुधाचं भांडं. सासऱ्यांना एक्याऐंशी पूर्ण झाली, सहस्रचंद्रदर्शनाची शांत निर्विघ्न पार पडली, दिव्यांनी ओवाळून झालं, इंदूर-देवास-धारहून आलेली माणसं रांग लावायला उठलीसुद्धा, आणि आता हे नवीन!

"नको म्हणजे काय बापू? लोक त्यासाठीच तर आलेत."

"लोक जेवायला आलेत. जेवू घाला त्यांना," असं म्हणून बापू उठले आणि 'वरपक्ष' अशी पाटी लावलेल्या खोलीत जाऊन बसले. त्यांच्यामागून त्यांचे धाकटे भाऊ जयूकाका गेले आणि दार लागलं.

मधुराला संशय यायला फार काही लागत नसे. दूधवाला जरा लवकर आला तरी ती भांड्यात बोट बुडवून बघायची. पण या वेळी तिच्याकडे कारण होतं, आणि चांगलं ठणठणीत होतं. गणपती झाल्यापासून बापू दर गुरुवारी दुपारी ऑटोनं जायचे. कुठे? तर गुडघ्याच्या व्यायामाला. गुडघा काही बरा होत नव्हता, पण बापू मात्र घरी यायचे ते तोंड मिटून, जेवायचे कमी, आणि तिच्या आमटीला नावं ठेवणं तर त्यांनी पार सोडूनच दिलं होतं. हे शेवटचं तिला सगळ्यात जास्त खटकलं होतं. मग परवा उज्जैनीतल्याच देवास गेटला भाजी घेताना तोच ऑटोवाला भेटला. तिनं सहज विचारलं. तो म्हणाला, "व्यायाम? नहीं भाभीजी, पंडितजी को तो हम शिरसाठ सर के घर छोड़ते हैं. हर गुरुवार."

शिरसाठ सर! वसंतराव शिरसाठ, नगरकडचे मराठी ख्रिस्ती, मिशनच्या शाळेतून रिटायर झालेले. आणि त्याच शाळेत गणित शिकवत होती कोण? तर विनोदिनी. मधुराची नणंद, बापूंची थोरली लेक, लग्न न करता घरीच राहिलेली. मधुरानं दोनात दोन मिळवले आणि पाच करून नवऱ्याला सांगितले.

---

नवऱ्याला, म्हणजे शैलेंद्रला, ते दुसऱ्याच्या तोंडूनही ऐकावं लागत होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी अनिल पुराणिक त्याला गाठून उभे होते.

"शैलेंद्रजी, मी तुमचा हितचिंतक आहे, म्हणून आधी सांगतोय. मंडळाची पोरं संध्याकाळी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला चाललीयेत. बुजुर्ग आदमी को बहला-फुसला के धर्म बदलवा रहे हैं, सीधी बात. नावं दोन आहेत. एक शिरसाठ. दुसरं..." अनिलजींनी खाकरून घेतलं. "माफ करा, तुमच्या ताईंचं."

"ताई तसं करणार नाही."

"मग बापू आपले आपणच गेले म्हणता? वैशंपायनांच्या गादीवरचा माणूस, आपल्या मर्जीनं? मग तर मामला फारच अवघड झाला."

आज दुपारी बापू शैलेंद्रच्या हातात चिपळ्या, म्हणजेच कीर्तनाची गादी, देणार होते. चार पिढ्या या घराण्यानं उज्जैनीत कीर्तन केलं, आणि त्या घराण्याचा एक नियम शिंद्यांच्या दरबारापासून चालत आलेला होता. गादीवर बसून थोरल्यानं जो शब्द काढला तो घरातल्या कुणीही खोडायचा नाही. पटो न पटो, खरा असो नसो, तोच खरा धरायचा. याच नियमावर घराण्यातले मोठमोठे तंटे मिटले होते आणि काही माणसं आयुष्यभरासाठी चिरडलीही गेली होती.

अनिलजींनाही तो नियम चांगला ठाऊक होता. "बापूंनी गादीवरून एवढंच म्हणायचं, मला फसवून नेलं. बस. शिरसाठचं आम्ही बघतो, ताईंचं तुमचं तुम्ही बघा. गादी तुमचीच."

"आणि तसं नाही म्हणाले तर?"

"तर ज्याच्या घरात असं चालतं त्याला कीर्तनाला बोलवायचं की नाही, ते मंडळ ठरवेल. आणि हे बघा, तो तिसऱ्या रांगेत हार घेऊन बसलाय. याला बोलावलं कोणी?"

शैलेंद्रनं वळून पाहिलं. पांढरा बुशकोट, मांडीवर शेवंतीचा हार, आजूबाजूच्या दोन-दोन खुर्च्या रिकाम्या. वसंतराव शिरसाठ मंचाकडे बघत शांत बसले होते.

---

विनोदिनी पंगतीच्या जागेवर पाट मांडत होती. शैलेंद्र तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"ताई, तू बापूंना तिथे नेलंस?"

"कुठे?"

"नाटक नको करू."

तिनं हातातला पाट खाली ठेवला. "मी नाही नेलं."

"मग कोणी नेलं?"

"पाय त्यांचे आहेत शैलू. त्यांना विचार ना."

"म्हणजे तुला ठाऊक होतं! तू पण त्यांच्यातली झालीस का?"

विनोदिनी हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "सव्वीस वर्षं मी त्या शाळेत लसावि-मसावि शिकवते. आईच्या श्राद्धाचं पुरण अजून मीच वाटते. तुझ्या बायकोला पाट्यावर वाटायचं म्हटलं की पाठ भरते. तुला काय वाटतं, मी काय झालेय?"

"मग हे सगळं लोकांना सांग! अनिलजी तुझं नाव ठाण्यात देतायत, कळतंय का तुला? तू म्हण, ते स्वतःच गेले."

"सरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, तुझे वडील येतात म्हणून. लपवलं नाही त्यांनी. मीच गप्प राहिले." ती खाली बघत बोलत होती. "बापूंना स्वतःला सांगायचंय ते. मी सांगून टाकलं तर त्यांच्याजवळ काय उरेल?"

"आणि नाही सांगितलं त्यांनी तर? तुला फसवून नेणारी म्हटलं तर?"

विनोदिनीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. गादीवरचा शब्द. तो तिला जन्मभर पुरला असता. शाळेत, मोहल्ल्यात, या घरात. ती भ्यायली होती, आणि भावाला ते दिसलं.

"नाही म्हणायचे," ती म्हणाली.

---

वरपक्षाच्या खोलीत नवरदेवासाठी ठेवलेला मोठा आरसा होता. बापू त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

"दादा," जयूकाका हळू आवाजात म्हणाले, "गणपतीच्या व्याख्यानात तो शिरसाठ उठून बोलला, तेव्हा तू मला काय म्हणाला होतास? चार बैठकांत त्याला गप्प करतो. आठवतं? मग काय झालं?"

"चार बैठकांत मी गप्प झालो."

"हळू बोल!" जयूकाकांनी दाराकडे पाहिलं. स्वतः ते देवासच्या राममंदिराचे शास्त्रीबुवा, त्यांच्या शब्दाला माळव्यात मान. "हरलास म्हणतोस?"

"वाद झालाच नाही, तर हरू कसला? मी प्रश्न विचारायचो, तो म्हणायचा, मला नाही माहीत बापूसाहेब, पण हे वाचू या. मग आम्ही त्यांचा धर्मग्रंथ वाचायचो." बापूंनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मरायच्या आदल्या दिवशी त्यांच्या देवानं काय केलं, ठाऊक आहे तुला? शिष्यांचे पाय धुतले. जो पकडून देणार होता, त्याचेसुद्धा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. हा कसला देव, म्हटलं. आणि आता इथे बसून लोकांकडून पाय धुऊन घ्यायचे म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो."

जयूकाका खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "मी काही अडाणी नाही दादा. मीही वाचलंय सगळं. माणूस मोठाच, नाही कोण म्हणतं? माझ्या मनाला नाही शिवलं असं समजू नकोस. पण आपल्या देवघरात जागा कमी आहे का? बसव त्यालाही एका कोनाड्यात. मनातल्या मनात दोन फुलं वाहा. बघायला कोण येतंय?"

"केलं रे ते पण. तो कोनाड्यात बसत नाही. तो म्हणतो, ऊठ, माझ्यामागून ये."

"एक्याऐंशीव्या वर्षी?"

"तेच तर."

"शैलूचं काय होईल? ही पोरं काय करतील? भीती नाही वाटत?"

"वाटते. रात्रंदिवस वाटते." बापूंचा आवाज बारीक झाला. "पण जयू, खरं सांगू? ती भीती मी कशीबशी गिळेन. दुसरंच काहीतरी गिळवत नाही. मी टावर चौकातून चालत जातो ना, तेव्हा जलेबीवाला हातातला झारा ठेवून नमस्कार करतो. दुकानदार गल्ल्यावरून उठतात. साठ वर्षं उठतायत. तिकडे गेलो की मी मागच्या बाकावरचा नवा विद्यार्थी. कालचा पोरगा मला शिकवणार, आणि मी मान डोलवायची. हे नाही झेपत मला. लाज वाटते सांगायला, पण नाही झेपत."

जयूकाकांनी भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना हे इतकं नेमकं कळलं होतं की आणखी काही विचारायची त्यांना भीती वाटली.

दार उघडून शैलेंद्र आत आला. अनिलजींचं सगळं त्यानं एका दमात सांगितलं. "बापू, ताईनं फसवून नेलं, एवढंच म्हणा. तिला मी सांभाळून घेईन."

"विनूनं? अरे, तिचा काडीचा संबंध नाही!"

"मग म्हणा, मी आपणहून गेलो. म्हणा! आणि नंतर मधुराला पण तुम्हीच सांगा की उद्यापासून तुझ्या नवऱ्याला कुणी दारात उभं करणार नाही." शैलेंद्रचा आवाज फाटला. पन्नाशीचा माणूस रडकुंडीला आला होता. "त्या शिरसाठला तुम्हीच बोलावलंत ना? का?"

बापूंनीच बोलावलं होतं. गेल्या गुरुवारी ते वसंतरावांना म्हणाले होते, तुम्ही समोर असाल तर मला धीर येईल, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगून टाकतो. वसंतराव म्हणाले होते, घाई नको, पण बोलावलंत तर येईन. आणि तो माणूस हार घेऊन आला होता.

"चला," बापू म्हणाले. "गादीवर बसतो. काय ते तिथेच बोलतो."

---

बापू गादीवर बसले, शैलेंद्रनं त्यांना पगडी घातली आणि हॉल चिडीचूप झाला. स्वयंपाकी मंडळीसुद्धा दाराशी येऊन उभी राहिली. काहीतरी आहे याचा वास सगळ्यांना लागला होता. अशा गोष्टी उज्जैनीत लपत नाहीत. विनोदिनी खांबाशी उभी होती, परात तिच्या पायाशी.

"गणपतीपासून मी दर गुरुवारी वसंतराव शिरसाठांच्या घरी जात होतो," बापूंनी सुरुवात केली. आवाज खणखणीत होता, कीर्तनातला. "मला कुणी नेलं नाही. विनोदिनीनं नाही, शिरसाठांनी नाही. कुणाचं नाव घ्याल तर खबरदार. मी माझ्या पायांनी गेलो."

विनोदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. अग बाई, बोलले! तिसऱ्या रांगेत वसंतराव थोडे पुढे झुकले. त्यांचे ओठ हलत होते.

"क्यों गए थे पंडितजी?" मागून एका पोरानं विचारलं. विचारण्यात मान होता, पण धारही होती.

बापूंनी समोर पाहिलं. डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. त्यांची कीर्तनं ऐकत म्हातारे झालेले बाप्ये, हात जोडूनच बसलेले. अनिलजी, हाताची घडी घालून. शैलेंद्रचा पांढराफटक चेहरा. सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होते, आणि तो शब्द बापूंच्या जिभेवर होता. अगदी टोकावर होता.

"शास्त्रार्थाला," बापू म्हणाले.

हॉलमधून एक सुस्कारा गेला.

"वाद घालायला गेलो होतो." आता मात्र शब्द आपोआप येऊ लागले, साठ वर्षांच्या सवयीनं, टाळ्या कुठे पडतात ते ओळखून. "गणपतीत त्यांनी प्रश्न टाकला होता. वैशंपायन काय घरात दडून बसणार? गेलो त्यांच्या घरी, बसलो समोर. आणि वैशंपायन हरून कधी परत आलाय का?"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बापूंचं पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. पुढचं काही नव्हतंही. "बोलो महाकाल महाराज की जय!" पोरं ओरडली. शैलेंद्र मटकन खाली बसला आणि हसायला लागला. मधुराच्या मनात आलं, अरे, एवढंच होतं होय! आणि लगेच दुसरं आलं, मग आमटीचं काय? पण गादीवरचा शब्द होता, तिनं संशय आवरला. जयूकाका जमिनीकडे बघत राहिले.

विनोदिनी सुटली होती. ठाण्याचं बालंट टळलं, घर वाचलं, सगळं टळलं. तिला आनंद व्हायला हवा होता. तिनं वसंतरावांकडे पाहिलं, तर ते चष्मा पुसत होते.

टाळ्या थांबल्या तरी अनिलजींच्या हाताची घडी सुटली नव्हती. ते उठले.

"बापू, अभिनंदन. पण मग रीत पुरी होऊ द्या ना. तुमच्या पणजोबांनी धारच्या शास्त्र्याला हरवलं, तेव्हा त्या शास्त्र्यानं भर सभेत त्यांची पाद्यपूजा केली होती. सगळ्या माळव्याला ठाऊक आहे. हरलेला पाय धुतो. आज शिरसाठ सर आयते हजर आहेत."

"नको!" बापू इतक्या जोरात म्हणाले की पुढच्या रांगेतल्या बायका दचकल्या. "त्याची काही गरज नाही."

"का बरं?" अनिलजी अगदी मऊ आवाजात म्हणाले. "जिंकलात ना?"

सगळ्यांचे डोळे बापूंवर. मघाचा संशय गेला कुठे होता? खुर्च्यांखाली बसून होता, परत वर आला. 'जिंकलो नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता. तो क्षण गेला.

तिसऱ्या रांगेतून वसंतराव उठले. कुणी हात धरला नाही, कुणी वाट अडवली नाही. मंचापाशी येऊन त्यांनी हार विनोदिनीच्या हातात दिला, गुडघ्यांवर हात टेकत टेकत ते खाली बसले आणि परात स्वतःच ओढून घेतली. मधुरा दूध घेऊन पुढे झाली.

"दूध नको बाई. साधं पाणी द्या, जरा कोमट असलं तर बरं. थंडी आहे."

त्यांनी बापूंचा उजवा पाय उचलून परातीत ठेवला. बोटांच्या बेचक्यांतून, टाचेच्या भेगांवरून हात फिरवत, घाई न करता धुतला. मग डावा. लोक आधी हसत होते, मग हसायचे थांबले. बापूंचे हात गादीच्या कडा धरून बसले होते.

"वसंतराव," ते पुटपुटले, "मी..."

"पाणी फार गरम नाही ना बापूसाहेब?"

"नाही."

"कबूल आहे ना शिरसाठ सर?" अनिलजींनी विचारलं. "हरलात?"

"मी यांना हरवायला कधी बसलोच नव्हतो," वसंतराव म्हणाले. "थांबा जरा, पाय पुसू द्या." खिशातला रुमाल काढून त्यांनी दोन्ही पाय कोरडे केले. लोकांना त्यात कबुली ऐकू आली आणि पुन्हा जयजयकार झाला.

विनोदिनी त्यांच्यामागून दारापर्यंत धावली. "सर, जेवून तरी जा."

"आज नको ग. तू वडिलांजवळ जा. त्यांना कुणीतरी लागेल."

ती परत आली तेव्हा शैलेंद्रच्या हातात चिपळ्या आल्या होत्या, फोटो निघत होते, आणि पाद्यपूजेची रांग हॉलच्या दारापर्यंत गेली होती. आता कोण कुणाला नको म्हणणार? ती रांगेत न लागता बाजूनं गादीजवळ गेली. बापूंनी तिचा हात पकडला.

"विनू, तुला वाचवलं ना मी? त्यालाही वाचवलं. आता त्याच्यावर कुणी तक्रार करणार नाही. शैलूचंही झालं. सगळ्यांचं केलं ना?"

"हो बापू."

"मग अशी का बघतेस?"

तिला पुष्कळ बोलायचं होतं. गादीवरचा शब्द खोडायची सोय नव्हती, म्हणून तिनं फक्त विचारलं, "येत्या गुरुवारी ऑटो सांगू?"

बापूंचा हात सैल पडला. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्या बघण्यात एवढी गयावया होती की विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

"आता कसा जाऊ ग?" ते म्हणाले. "मी जिंकलोय ना."

रांगेतला पुढचा माणूस परातीशी वाकला, आणि बापूंनी पाय पुढे केला.